पगारात न धरलेलं

नाखरेकरांना तुम्ही फणसाचे चार गरे जरी नेऊन दिलेत, तरी वाटी हातात घेण्याआधी ते विचारतात, "कशापोटी?"

नव्या माणसाला वाटतं, गृहस्थ संशयी दिसतोय. माझी सून लग्न होऊन आली तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी तिला शेजारी घावणे द्यायला पाठवलं. ती बशी घेऊन तशीच परत आली. चेहरा गोरामोरा.

"आई, ते विचारतायत कशापोटी. काय सांगू?"

"सांग, जास्त झाले म्हणून."

'जास्त झाले' हे कारण नाखरेकरांना चालतं. पण तिने जर 'तुम्ही परवा आमचा नळ नीट करून दिलात म्हणून' असं सांगितलं असतं, तर घावणे परत आले असते. कारण मग ती मजुरी झाली, आणि मजुरी म्हटली की तिचे कायदे आले.

या माणसाने उभी हयात मासळीच्या कारखान्यात पगार काढण्यात घालवली. कोळंबी सोलून, बर्फात घालून परदेशी धाडणारा तो कारखाना आता बंद पडला, पण नाखरेकर काही बंद पडले नाहीत. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारच्या वस्तू आहेत : पगारात धरायच्या आणि पगारात न धरायच्या. त्यांनी लग्न केलं नाही. बायको कशात धरायची याचा निर्णय लागला नसावा, असा माझा अंदाज आहे. हा अंदाज मी त्यांना तोंडावर ऐकवलेला आहे. त्यांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "तसं नाही. विचारायला गेलो असतो तर तिनेही कारण विचारलं असतं."

आमची ओळख त्याच कारखान्यातली. मी तिथे हिशेबखात्यात लागले तेव्हा माझं वय चोविशीच्या आसपास, आणि डोकं ढगांच्या आसपास. कॉमर्सची पदवी पहिल्या वर्गात मिळवलेली. कोळंबीच्या पाण्याने जिथली फरशी बारा महिने ओली, तिथे मी उंच टाचांच्या सँडल घालून जायची. डोळ्यांना काळा चष्मा. तो आत गेल्यावरही काढायचा नाही, कारण डोळे दिसले तर माणूस सामान्य दिसतो अशी माझी समजूत. पहिल्या महिन्यात मी किती वेळा घसरले ते सांगत नाही. चष्मा असल्यामुळे कुणाला हसताना पाहिलं नाही, एवढाच त्याचा उपयोग झाला.

नाखरेकर तेव्हा तिशीचे असतील. अर्ध्या बाहीचा पांढरा सदरा, खिशात दोन पेनं. एक कमावलेल्या रकमांसाठी, दुसरं कापलेल्या रकमांसाठी. शाई दोन्हींत निळीच. मी विचारलं, मग फरक काय? म्हणाले, "हाताला कळतो."

शिमग्याला ते गावी पालखीला गेले आणि त्या महिन्याचे पगार माझ्या हातात आले. मला काय, कॉमर्सची राणीच ती! कोळंबी सोलणाऱ्या बायकांचा मूळ पगार, महागाई, ओव्हरटाइम, येण्याजाण्याचं एसटीचं भाडं, सगळ्याची मी एक आडवी बेरीज मारली आणि त्या बेरजेवर प्रॉव्हिडंट फंड कापून टाकला. इतकं सोपं काम हा माणूस महिनाभर काय करत बसतो, असंही मी वर शिपायाला ऐकवलं.

नाखरेकर परत आले. कपाळाला गुलाल तसाच. कागद पाहिले, उठले, माझ्या टेबलासमोर खुर्ची ओढून बसले. खिशातून स्वतःचं एसटीचं तिकीट काढून माझ्यापुढे ठेवलं.

"साळवीबाई, हा पगार आहे काय?"

"नाही. तिकीट आहे."

"मग त्या बाईच्या तिकिटावर तुम्ही फंड का कापलात? पदरचे पैसे घालून ती कामावर आली, आपण ते परत केले. ती कमाई नव्हे. भरपाई आहे."

मग त्यांनी मला ओव्हरटाइमवर आणलं. "ज्यादा तास भरले, त्याचे दुप्पट मिळाले. ते दर महिन्याचं नाही. त्यावर फंड नाही. पण कमाई आहे, म्हणून प्राप्तिकराला धरायचं. बोनसचं तसंच. पैसा दिसायला सगळा सारखा, पण तो सारखा नसतो. कशापोटी आला ते बघायचं, मग कात्री उचलायची."

शेवटी पैसा तो पैसाच, असं काहीतरी मी इंग्रजीतून म्हटलं. हरताना मी नेहमी इंग्रजीत हरत असे.

त्याच वर्षी दसऱ्याला मी सकाळी कामावर गेले तर माझ्या टेबलावर झेंडूचं फूल. बाजूला हळदकुंकवाची दोन बोटं. मी इकडेतिकडे पाहिलं. नाखरेकर खाली मान घालून बसलेले. माझं काळीज असं काही धडधडलं म्हणता! दुपारपर्यंत मी मनातल्या मनात त्यांच्या गावी, नाखऱ्याला, नांदायला गेले होते, सासूशी भांडलेही होते. संध्याकाळी पाहते तर तसंच फूल टाइपरायटरवर, तसंच तिजोरीवर, वजनकाट्यावर, बर्फ फोडायच्या यंत्रावर. खात्यातल्या सगळ्या कामाच्या वस्तूंची त्यांनी पूजा केली होती. त्यांत मी होते. पुढे मी साळव्यांची पोरगी साळव्यांच्याच दुसऱ्या घरात पडले, त्यामुळे नाखरेकरांना मला हाक मारायला नवं आडनाव शिकावं लागलं नाही.

आमचे शेट मात्र त्यांच्यापुढे हात टेकायचे. एका दिवाळीला शेटना उमाळा आला. म्हणाले, दरवर्षी ते स्टीलचे डबे कशाला, या वेळी पाकिटात पैसे घालून देऊ. नाखरेकर केबिनच्या दारात उभे राहिले.

"शेट, डबाच द्या. पाकीट नको."

"अरे बाबा, दिवाळी आहे!"

"दिवाळी असली तरी रोख ती रोखच. डबा दिलात तर ठरावीक किमतीपर्यंत भेट म्हणून सुटतो. पाकीट दिलंत की ते पगारात गेलं. मालकाने नोकराच्या हातावर ठेवलेला पैसा कायदा पगार म्हणूनच वाचतो, मग तुम्ही तो कितीही मायेने ठेवा."

डबेच वाटले गेले. आजही आमच्या बाजूच्या कित्येक घरांत तेच डबे सापडतील, आणि त्यांत पोहे भरताना नाखरेकरांना घातलेल्या शिव्याही ऐकू येतील. बायकांना पाकीट हवं होतं. करात कुणाचं काय जाणार होतं? जाणार होतं ते साहेबलोकांचं. पण नाखरेकरांना माणसाचा वर्ग दिसतच नसे. रकमेचा तेवढा दिसायचा.

निवृत्तीनंतर त्यांनी आमच्या शेजारची दोन खोल्यांची जागा घेतली. नव्या कायद्यांत पगाराची व्याख्याच बदलली, ही बातमी पेपरात आली तेव्हा ते सकाळी सकाळी काठीशिवाय धावत आमच्या ओटीवर आले. शेजारच्या घरी जुळं झाल्यासारखा चेहरा. "साळवीबाई, व्याख्या बदलली!" मी शेंगा सोलत होते. म्हटलं, "अभिनंदन."

आता चंद्राकडे येते.

चंद्रा त्यांच्याकडे स्वैपाकाला आणि भांड्यांना यायची. खालच्या वाडीत राहते, माहेर पालीकडचं, नवरा मुंबईला. चाळिशीची, तोंडाने फटकळ. घरकामाच्या बाईला रत्नागिरीत कुणी पगाराची चिठ्ठी देतं काय? नाखरेकर देत. मूळ पगार वेगळा, रजा वेगळी, सणाचा बोनस वेगळा. पाहुणा आल्यामुळे जास्त थांबली तर ओव्हरटाइम, दुप्पट. चंद्रा ती चिठ्ठी आम्हाला दाखवून हसायची. "बघा काकी, मी कलेक्टर कचेरीत हाय." पण हसता हसता घडी घालून ब्लाउजात ठेवायची, हे मी पाहिलेलं आहे.

गेल्या पावसात नाखरेकर अंगणातल्या शेवाळलेल्या चिऱ्यावरून घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. पुतण्या पुण्याहून आला, पैसे भरले, गेला. रात्री उशाशी बसायला कुणी नव्हतं. चंद्रा बसली. सासूला घरी सांगून आली आणि दवाखान्यातल्या त्या लोखंडी स्टुलावर रोज रात्री बसली, ते त्यांना घरी सोडेपर्यंत. ज्या गोष्टी नर्सला सांगायला नाखरेकरांना लाज वाटे, त्याही तिने केल्या.

महिना संपला. नाखरेकर पलंगावर बसून चिठ्ठी लिहायला लागले. मी पेज घेऊन गेले होते, तेव्हा माझ्यासमोरच त्यांनी ती पैशांसकट चंद्राच्या हातात दिली. तिने वाचली. मग परत वाचली.

"ह्यो ओव्हरटाइम कसला?"

"दवाखान्यातला. रात्रीचे तास. दुप्पट दराने धरलेत. तपासून घे."

चंद्रा बोलत नाही तेव्हाच तिला घाबरायचं असतं. चिठ्ठी आणि पैसे तिने औषधांच्या बाटलीखाली ठेवले, पदर खोचला, राहिलेली भांडी लख्ख घासून पालथी घातली आणि गेली. दुसऱ्या दिवशी आली नाही. तिसऱ्याही नाही.

मला ती मच्छीबाजारात भेटली. मी म्हटलं, "अगं, म्हातारा करपलेला भात खातोय. जा की."

"काकी, मी काय डुटीवर व्हते काय?" बाजाराच्या मधोमध तिचा आवाज चढला. "बापूस आजारी पडला तं लेक बसते का नाय उशाशी? तिला कोन ओव्हरटाइम देतो? त्या राती मी त्यांना दिल्या व्हत्या. त्यांनी त्यांचे पैशे करून माझ्या हातावर ठेवले. म्हंजे मी दिलं काय? कायच नाय!"

कोळीण बांगडे मोजता मोजता थांबली होती. ती म्हणाली, "बरोबर हाय तिचा." मी बांगडे घेतले आणि निमूट घरी आले. घासाघीस करायचं भानही राहिलं नाही.

नाखरेकरांना मी सगळं जसंच्या तसं सांगितलं, चढ्या आवाजासकट.

"माझ्या हातात दुसरं काय होतं, साळवीबाई?"

"नुसतं 'चंद्रा, तू होतीस म्हणून' एवढं म्हणायचं होतं."

"तसं कसं? ती कामाला आहे. मालकासाठी ज्यादा तास भरले आणि मालक नुसता गोड बोलून मोकळा झाला, असे मालक मी आयुष्यभर पाहिलेत. शेटच्या घरच्या लग्नात आपल्या कारखान्यातल्या बायका राबल्या तेव्हा शेट म्हणाले, घरच्याच आहेत त्या. घरच्या! मी भांडून त्यांचे तास लावून घेतले. आता चंद्राच्या बाबतीत मी 'घरचीच आहे' म्हणू?"

या वेळी मी मराठीतूनच हरले.

"पैसे दिले तर तिची माया खोटी होते," ते सावकाश म्हणाले, "आणि नाही दिले तर मी खोटा होतो. मी मालक आहे तोवर यातून वाट नाही."

पुढचे काही दिवस त्यांनी मी नेलेली पेज कारण न विचारता घेतली, तेव्हा मला काळजीच वाटली. आणि मग एका सकाळी निरोप आला : रिक्षा बोलवा, चंद्राकडे जायचंय.

मी खूश. म्हटलं, आला म्हातारा वळणावर. वॉकर आडवा घालून आम्ही दोघं रिक्षात बसलो. वाटेत त्यांनी सांगितलं, "मी तिला कामावरून कमी करतोय."

"डोकं ठिकाणावर आहे का तुमचं? त्या बाईने तुमची उष्टीखरकटीच नाही, नको नको ते काढलं! आणि ती खाणार काय?"

"तुमच्याकडे कामाला येईल. तुमचे गुडघे गेलेत, सून नोकरीला जाते. मी पगार ठरवून आणलाय. आठवड्याची सुट्टी रविवारी. ओव्हरटाइम दुप्पट."

"माझ्या घरचा पगार तुम्ही ठरवलात?"

"कुणीतरी नीट ठरवायला नको?"

रिक्षावाला आरशातून बघून हसत होता. मी नवऱ्याशीसुद्धा कधी रिक्षात भांडले नव्हते.

चंद्रा अंगणात आमसुलं वाळत घालत होती. आम्हाला बघून तिने हात पुसले नाहीत. सासूने खुर्ची आणली. नाखरेकर बसले नाहीत. वॉकर धरून उभेच राहिले आणि कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "चंद्रा, तुला आजपासून कामावरून कमी केलं आहे."

"आवो, मी तं कवाच सोडलंय! तुमी काय कमी करताय?"

"राजीनामा लेखी नाही. त्यामुळे तू सोडलंस असं धरता येत नाही. मीच कमी केलं असं धरलंय, म्हणजे नोटिशीचा पगार तुला लागू होतो. राहिलेला पगार, शिल्लक रजेचे पैसे यात आहेत. ग्रॅच्युइटी आहे."

"ती काय असते?" सासूने मध्येच विचारलं.

"बरीच वर्षं चाकरी केली म्हणून निघताना देतात, आजी. घरकामाला कायद्याने लागू नाही. मला लागू आहे." त्यांनी पाकीट खुर्चीवर ठेवलं. "आणि त्या रात्री यात धरलेल्या नाहीत. चिठ्ठी फाडली मी."

चंद्राने पाकिटाकडे पाहिलंच नाही. त्यांच्याकडे पाहत राहिली.

"आता तू माझ्याकडे कामाला नाहीस," ते म्हणाले. कचेरीतला आवाज कुठेतरी गळून पडला होता. "मी तुझा मालक नाही. कुणी कुणाचं काही लागत नाही. तेव्हा रविवारी मोकळी असलीस तर घरी ये."

"कशाला? भांडी घासायला?"

"भांडी मी घासतो आता. बसायला ये."

सासू म्हणाली, "ह्यो बामन हाय का भट, काय कळत नाय." नाखरेकर दोन्ही नाहीत, पण सुनेला काढलं याचा राग त्या म्हातारीला तेवढाच व्यक्त करता येत होता. चंद्रा परत आमसुलांकडे वळली. आम्ही रिक्षात बसलो.

चंद्रा दुसऱ्या दिवसापासून माझ्याकडे कामाला यायला लागली. शेजारचं नाव काढायची नाही. मीही काढलं नाही. नाखरेकरांना खानावळीचा डबा सुरू झाला.

रविवारी सकाळी मी अंगणात तुळशीला पाणी घालत होते. तुळशीला एरवी एवढं पाणी लागत नाही, पण तिथून शेजारची ओटी दिसते. नाखरेकर इस्त्रीचा सदरा घालून बसले होते. दहा वाजले. अकरा वाजायला आले. तुळस बिचारी पोहायला लागली.

आणि चंद्रा आली. आजवर ती मागीलदारी न्हाणीकडून यायची. आज पुढच्या गेटातून आली. अंगावर लग्नाकार्याला नेसायची साडी. चपला दारात काढल्या, ओटीवर चढली आणि लाकडी खुर्चीवर टेकली. हात मांडीवर. दोघांनाही पुढे काय करायचं असतं ते ठाऊक नव्हतं.

"चहा घेशील?" नाखरेकर म्हणाले.

"घेईन."

ते वॉकर सरकवत आत गेले. मग आतून भांड्यांचे आवाज. डब्यांची झाकणं एकामागून एक उघडली, लागली, परत उघडली. चंद्रा खुर्चीतून अर्धी उठली आणि परत बसली. दोन्ही हातांनी खुर्चीच्या कडा घट्ट धरून बसली, मी पाहिलं.

"साखर वरच्या फळीवर हाय," तिने बसल्या जागेवरून आवाज दिला. "मिठाच्या मागं."

"सापडली. उठू नकोस."

"मी कुठं उठतेय?"

बऱ्याच वेळाने चहा आला. एका हातात वॉकर, एका हातात कप, बशीत अर्धा सांडलेला. चंद्राने तो धरायला हात पुढे केला नाही. तिने त्यांना तो आपल्यापर्यंत पोहोचवू दिला. मग एक घोट घेतला. नाखरेकर समोर उभे, पगार तपासून घेणाऱ्या माणसासमोर उभे असत तसे.

"पचपचीत झालाय," चंद्रा म्हणाली आणि दुसरा घोट घेतला. "बसा की वो. असं उभं ऱ्हाऊन बघत नायत पाहुन्याकडं."

नाखरेकर बसले.